सत्तर सालची बाटली

बूच अर्धं वर आलं आणि ओरेस्तेला शंका आली. पोज्जोराल्दी मळ्याच्या प्रत्येक बुचावर शिक्का नि साल असतं. हे कोरंच होतं.

समोर इर्मा बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. पंच्याहत्तरीची बाई, दोन बस बदलून आलेली.

"काय झालं?"

"काही नाही, सिन्योरा. जुनं बूच हट्टी असतं."

"आमच्या ओरेस्तेसारखं!" बूच बसवायच्या यंत्रामागून लोरेदाना म्हणाली.

वर्षातून एकदा या मळ्यात असा दवाखानाच भरतो. लोक इथल्याच ब्रुनेल्लो वाईनच्या, घरात जपलेल्या जुन्या बाटल्या घेऊन येतात. ओरेस्ते उघडतो, चाखतो. वाईन जिवंत असेल तर त्याच सालच्या वाईनने गळ्यापर्यंत भरतो, नवं बूच ठोकून सही देतो. मेली असेल तर तसं तोंडावर सांगतो. चाळीस वर्षांत त्याचा शब्द कुणी खोटा पाडला नव्हता.

"मुलगा झाला तेव्हा नवऱ्याने ठेवली होती," इर्मा म्हणाली. "सत्तर साली. तुल्लिओ नाव त्याचं. मागच्या महिन्यात गेला, तिकडे तोरिनोत. त्याच्या शेजाऱ्याने कळवलं. मला खरं सांगा हं. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणतात, म्हणून आले."

ओरेस्तेने घोट घेतला. आंबट. पाणचट. मेलेली म्हणावी तर ही या टेकडीवर कधी जन्मलीच नव्हती. खरी वाईन कुणीतरी कधीच पिऊन टाकली होती, आणि आत दुकानातली स्वस्तातली भरली होती.

गेल्या वर्षी एका रिटायर्ड ड्रायव्हरला तो म्हणाला होता, "फेकून द्या." ती बायकोच्या आठवणीची बाटली होती. तो माणूस अंगणात भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून ओरेस्तेला स्वतःचीच जीभ नकोशी झाली होती.

"गाळ आहे थोडा. आत जाऊन निथळून आणतो."

तळघरात सत्तर सालच्या सहाच बाटल्या उरल्या होत्या. मळ्याच्या मालकीणबाई त्यांना कुणाला हात लावू देत नसत. त्याने एक उघडली. इर्माची बाटली मोरीत उपडी केली, विसळली आणि त्यात अस्सल वाईन ओतली.

"एवढा वेळ? पिऊन बिऊन आलास की काय?" लोरेदाना म्हणाली.

"बूच बसव गप."

त्याने सही केली आणि बाटली इर्मापुढे ठेवली. "जिवंत आहे, सिन्योरा. चांगली खणखणीत."

तिला आनंद झालेला दिसला नाही. "नक्की? कुणी उघडून, पिऊन, दुसरंच काही भरलेलं नाही ना?"

ओरेस्ते क्षणभर गडबडला. मग हसला. "छे हो! ठेवली त्या दिवसापासून कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. माझी सही आहे ना त्यावर."

इर्मा बाटलीकडे बघत राहिली. पर्स मांडीवरून घसरून खाली पडली, तिने उचलली नाही.

"म्हणजे माझा तुल्लिओ खरं बोलत होता," ती म्हणाली. "सतरा वर्षांचा होता. ही पिऊन त्याने आत भलतंच भरलं असं समजून मी त्याला घराबाहेर काढलं, आणि तो मरेपर्यंत दार उघडलं नाही."