नोंदीत नसलेला आकार

मांजराच्या मिशीच्या केसानं स्फटिकाचे बारीक कण द्रावणात पेरत शास्त्रज्ञ आठल्येबाईंनी अकरा महिन्यांत आजारी पोरांच्या रक्तातल्या एका प्रथिनाचा स्फटिक वाढवला. आकार पाहायला आता असे स्फटिक कोणी वाढवत नसे. प्रथिनाचा आकार संगणक सांगे आणि सरकारी नोंदीतला तोच आकार कायद्याने खरा. त्या आकारावरून बनवलेलं औषध मात्र प्रथिनाला चिकटतच नव्हतं, कारण स्फटिकात दिसलेली, औषध बसायची खरी खाच भलत्याच बाजूला होती.

नोंदणी अधिकारी दिघे म्हणाले, "बाई, तुमचं प्रथिन नोंदीशी जुळत नाही. दुरुस्त करून आणा."

"दुरुस्त? अहो, वॉर्डातल्या बावीस आजारी पोरांच्या रक्तातलं आहे ते!"

"मग रक्तच सदोष असेल," म्हणत दिघ्यांनी नोंद बदलण्याचा त्यांचा अर्ज फेटाळला.

आठल्येबाईंनी तो अर्ज त्यांच्यापुढे आपटला. "चला वॉर्डात. त्यांच्या आयांना तुमच्या तोंडानं सांगा, औषध बरोबर आहे, तुमची पोरं चुकलीत."