गाडीची वही

"गाडीच्या सगळ्याच फेऱ्या धंद्याच्या दाखवल्यात, तर कर खात्याला संशय येतो. वहीत थोड्या घरगुती फेऱ्याही लिहा, म्हणजे बाकीचा पेट्रोलखर्च बिनबोभाट वजा होतो," असं मी प्रत्येक क्लायंटला बजावतो. मी टॅक्स सल्लागार. माझी स्वतःची वहीसुद्धा वर्षाच्या शेवटी एका बैठकीत भरून टाकली. दर रविवारी: 'आईकडे'.

परवा आईला नवा चष्मा घ्यायला गाडीतून नेलं. परत येताना, नीट दिसतंय का ते बघायला तिने समोरची तीच वही उघडली. मी ती काढून घेईपर्यंत तिची चार पानं वाचून झाली होती.

"दर रविवारी तू यायचास, तेव्हा मी कुठे गेलेली असायचे रे?"