डोळ्यांची आखणी

दहिवलीच्या त्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी आजवर एकट्या आबाजींनी केली. यंदा त्यांचा हात थरथरू लागला, म्हणून मालकीण सुरभीनं आखणीचं यंत्र आणलं. आबाजींच्या जुन्या मूर्तींचे फोटो बघून ते म्हणे आपलं आपणच शिकलं होतं.

पहिल्याच दिवशी आबाजींच्या मनात पाल चुकचुकली. “गणपतीनं समोरच्याच्या डोळ्यांत बघावं. ह्यो तुझ्या खांद्यावरून पाठी बघतोय गं.”

सुरभीनं वळून पाहिलं. उघडं दार, अंगण, लांबवर रस्ता. चिटपाखरूही नव्हतं.

तिनं कंपनीला फोन लावला. “यंत्र चुकत नाही, मॅडम,” तिकडचा माणूस म्हणाला. “उलट रोज सुधारतं.”

तिसऱ्या दिवशी आबाजींनी तीन दिवसांच्या तीन मूर्ती ओळीनं मांडल्या. “लांब बघताना बुबुळं मधोमध असतात. जवळ बघताना आत वळतात. आता बघ.”

पहिलीची बुबुळं मधोमध होती. दुसरीची जराशी आत. आजची पार नाकाकडं वळलेली.

“काय हाय ते ठाव नाय,” आबाजी म्हणाले, “पण जवळ येतंय.”

सुरभी हसली. तरी तिनं दाराला कडी घातली आणि दारालाच पाठ टेकून उभी राहिली.

यंत्राचा कुंचला थांबला. नवी मूर्ती पुढं सरकली. ती नेमकी सुरभीच्या डोळ्यांत बघत होती.

“बघा आबा, जमलं की नाय!” सुरभीला हायसं वाटलं.

आबाजी मूर्तीकडं बघतच नव्हते. सुरभीवरची नजर न काढता ते एकेक पाऊल मागं सरकत होते.