चार नंबरचा नमुना

परीक्षानळीतला लाल रंग आधी जांभळा झाला, मग निळा. राजलक्ष्मीला वाटलं, आपलीच काहीतरी चूक झाली. तिने ती नळी बाजूला ठेवली, दुसरी घेतली आणि पुन्हा थेंब सोडला. पुन्हा निळा.

नमुना चार नंबरचा होता. कळंबोलीतल्या पाच घरांमधली धूळ तिने तपासायला आणली होती, आणि चार नंबरचं घर तिचं स्वतःचं होतं. तुलनेसाठी एखादं स्वच्छ घरही हवं, असं तिच्या गाइड सुनयना मॅडम म्हणाल्या होत्या. आईने लख्ख ठेवलेल्या घराशिवाय तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. फळ्यांवर धूळ मिळेना, म्हणून स्टुलावर चढून तिने पोटमाळ्याचा कोपरा पुसून आणला होता.

बेलापूरच्या या प्रयोगशाळेत ती चार वर्षं हेच करत होती. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात असले की पाणी सोनेरी नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. त्यात शिशाचा अंश आला की ते कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी निळं होतं. महागडं यंत्र लागू नये, कुणालाही नुसत्या डोळ्यांनी हे विष ओळखता यावं, यासाठी सगळा खटाटोप होता. पद्धत पक्की आहे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरात शिसं कुठून आलं, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही. ती नऊ वर्षांची होईपर्यंत तिचे वडील शहाजी जुन्या बॅटऱ्या फोडायच्या गोदामात कामाला होते. शिसं वितळवून त्याच्या लाद्या पाडायचं काम. संध्याकाळी ते नखशिखांत राखाडी होऊन घरी येत आणि दारातच धाकट्या शिवतेजला उचलून घेत. शिवतेज आता वीस वर्षांचा होता. त्याला आठ-दहा शब्द बोलता येत. तो जन्मापासूनच असा आहे, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं वडील म्हणत आणि घरात सगळे तेच मानत.

तिने मॅडमना सांगितलं की चार नंबरचा नमुना सांडला. मॅडमनी मान हलवली, दुसरं एखादं घर बघ म्हणाल्या. कामाच्या बाबतीत ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती. दिवसभर तिच्याने कुठल्याच नळीकडे नीट बघवलं नाही.

रविवारी तिने सबंध पोटमाळा ओल्या फडक्याने तीनदा पुसून काढला. सण नाही वार नाही, आज हे काय काढलंस, म्हणून आईने, शालनने, विचारलं. तिने झुरळांवर ढकललं. वडिलांच्या कानावर यातलं काहीही जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं होतं. त्यांचे आता किती दिवस राहिले होते? बॅटऱ्यांचं काम सोडल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं लोखंड बाजारात माल उचलला होता. पाठ कामातून गेली होती, रात्री कूस बदलतानाही कण्हायचे. शालनच्या मनातून मात्र ते जुनं काम गेलं नव्हतं. मुकादमाशी भांडून चांगलं काम घालवलं, स्वतःच्या तोऱ्यापायी घराचे हाल केले, हे ती आजही चारचौघांत बोलून दाखवायची. वडील खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

संध्याकाळी शालन शिवतेजला घेऊन देवळात गेली. वडील उंबऱ्यावर बसले होते. राजलक्ष्मी चहा घेऊन बाहेर आली, तसे ते समोर बघतच म्हणाले,

"माळ्यावरची धूळ नेली हुतीस तू. निळी झाली का?"

निळा रंग म्हणजे शिसं, हे तिनेच त्यांना एकदा सांगितलं होतं. कप त्यांच्याजवळ ठेवून ती खाली बसली. त्यांना उत्तराची गरज नव्हती.

मग ते थांबत थांबत सांगत गेले. शिवतेज दोन वर्षांचा असताना त्याचं रक्त तपासलं होतं. डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं. पोराच्या अंगात शिसं गेलंय, मेंदूला लागलंय, झालेलं नुकसान भरून यायचं नाही, आणि ते तुमच्याच कामातून घरात आलंय, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते गोदामाकडे फिरकले नाहीत. मुकादमाशी भांडण कधी झालंच नव्हतं. राजलक्ष्मी शिशावर अभ्यास करणार हे कळलं, तेव्हापासून ते या दिवसाची वाट बघत होते.

तिला वाटलं होतं, हे ऐकताना आपल्याला रडू येईल. पण आला तो राग. अठरा वर्षं हा माणूस नसलेल्या भांडणाबद्दल बोलणी खात होता, आणि एका शब्दात ती बोलणी थांबली असती.

गल्लीच्या टोकाला शालन दिसली. वीस वर्षांचा शिवतेज तिचं बोट धरून चालत होता. मध्येच तो थांबला, तशी तीही थांबली, आणि पदराने तिने त्याच्या तोंडाला लागलेला प्रसाद पुसला.

राजलक्ष्मी उठली. "मी आत्ताच आईला सांगते, तात्या. तुम्ही का म्हणून ऐकून घ्यायचं?"

शहाजींनी तिचं मनगट धरलं. एवढ्या जोरात त्यांनी तिला कधी धरलं नव्हतं.

"नगं, पोरी," ते हळू आवाजात म्हणाले. "माझी कापडं ती ज्या टबात भिजवायची, त्यातच शिवाला रोज न्हाऊ घालायची."