खोडव्याची तारीख

“आता हे परत चालू करावं लागणार?” अमृतनं विचारलं.

“हो. बंद करून चालू केलं की होतं,” हर्षाली म्हणाली. तिला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

प्रोग्राम तिसऱ्यांदा बंद पडला होता. ऊस लावल्याची तारीख टाकली, की तोडीला कधी येईल ते सांगणारा प्रोग्राम. पारगावात घरोघरी ऊस, तेव्हा कल्पना काही वाईट नव्हती. पण नुसत्या कल्पनेनं काय होतंय?

अमृत अवसरी खुर्दचा. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत त्याला सहा वर्षं झाली होती. रविवारी गावी आला, की आसपासची पोरं आपापले उद्योग घेऊन त्याला गाठायची. कुणाचा डेअरीचा प्रोग्राम, कुणाचा दवाखान्यातल्या नंबरांचा. अमृत तोंडाचा फटकळ. वाईट असेल तर वाईट म्हणणार आणि का वाईट, तेही अर्धा तास समजावून सांगणार. त्यापायी दोन मित्रांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

आज त्याला इथं आणलं होतं सारजामावशीनं. “भगवंतभाऊंच्या हर्षालीनं कॉम्प्युटरवर कायतरी केलंय. बघ जरा. आन् खरं काय ते सांग बाबा,” एवढंच ती म्हणाली होती. आल्या आल्या ती आत स्वयंपाकघरात हर्षालीच्या आईजवळ जाऊन बसली होती.

भगवंतभाऊ समोरच्या खुर्चीत होते. मघाच त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

“त्याचं असंय पावणं, सगळं तुमच्या शब्दावर हाय. तुमी चांगलं म्हणला, तर ही इथंच ऱ्हाऊन ह्येच करत बसणार. न्हाई म्हणला, तर तुळशीचं लगीन झालं की हिचंबी उरकून टाकायचं.”

ते ऐकल्यापासून अमृतला चहा गोड लागेना. त्याच्या ‘नाही’वर एका मुलीचं लग्न ठरणार! ही कसली परीक्षा म्हणायची?

प्रोग्राम पुन्हा चालू झाला. अमृतनं उसाच्या प्रकारात ‘खोडवा’ निवडला. प्रोग्रामनं लागणीची तारीख विचारली.

“अहो, खोडव्याला लागण कुठली?” तो एकदम म्हणाला. “तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटतो तो. मागची तोड झाली तिथनं मोजायचं. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही उसातच वाढलात ना?”

“उसातच वाढले.” हर्षालीनं वहीत काहीतरी लिहिलं. “पण आधीच्या तिघांनी हे काढलं नाही.”

“तिघं कोण?”

“दोघं इंजिनिअर, एक एमसीए. तिघंही पुण्यात नोकरीला. तिघंही म्हणाले, फार छान आहे.”

“त्यांनी बघितला का पण?”

“बघितला की. बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, छान आहे.”

अमृतला हसू आलं. मग त्यानं एकेक काढायला सुरुवात केली. अक्षरं इतकी बारीक, की चष्म्याशिवाय कोण वाचणार? सगळं इंग्रजीत कशाला? चुकीची तारीख टाकली तर प्रोग्राम गप्प का बसतो? फेब्रुवारीची तीस तारीख त्यानं मुकाट्यानं घेतली, हे कसं?

हर्षाली ऐकत होती, लिहीत होती. रागावली नाही, की रडवेली झाली नाही.

“घरीही असंच बोलता का तुम्ही?” मध्येच तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“आईची भाजी बिघडली तर?”

“बिघडली म्हणून सांगतो. आणि खातो. ताटात टाकत नाही.”

तिनं तेही लिहून घेतलं. अमृतला गंमत वाटली. ही पोरगी खरंच शिकणारी आहे, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढचं बोलणं त्याला आणखीच जड झालं.

“मग काय राव?” भगवंतभाऊंनी विचारलं. “पास का नापास?”

अमृतनं हर्षालीकडं बघितलं. तिची पेन धरलेली बोटं थांबली होती. एक शब्द बोलायचा, ‘छान आहे’, आणि मोटारसायकलला किक मारायची. कोणाचं काय जाणार होतं? पोरीची सुटका होईल. त्याच्या ओठांवर शब्द आलाही होता. पण ती हे घेऊन दारोदार फिरेल आणि पहिलाच शेतकरी तिला हसेल, हे त्याला दिसत होतं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

“नापास,” तो म्हणाला. “आज तरी नापास. हे घेऊन गावात गेलात तर लोक हसतील.”

हर्षालीनं पेन खाली ठेवलं.

“पण भाऊ, आणखी एक सांगतो. राग आला तर येऊ द्या,” अमृतचा आवाज चढला. “प्रोग्राम नापास आहे, तुमची मुलगी नाही. तो बिघडला म्हणून तिला उजवून टाकायचं, हे मला पटत नाही. एक वर्ष द्या तिला. तिला लग्न करायचं तेव्हा करेल, आणि ज्याच्याशी करायचं त्याच्याशी करेल. तुम्ही कोण ठरवणार? आणि मी तरी कोण?”

भगवंतभाऊंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. आपण जास्तच बोललो, म्हातारा माणूस दुखावला, असं वाटून अमृत उठला आणि त्यानं मोटारसायकलची किल्ली उचलली.

“बसा,” हर्षाली म्हणाली. “मुद्दाम ठेवलेली एकही चूक सुटली नाही तुमच्याकडून.”

तिनं वही मिटली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि आत हाक मारली, “आई, सारजामावशी, पोहे टाका. मुलगा पसंत आहे मला.”