नाणेघाटात बुडालेलं साम्राज्य

“सातवाहनांनी एकेक प्रांत सरदारांच्या हवाली केला, आणि मग राजाचं कुणी ऐकेचना. साम्राज्य खलास,” नाणेघाटाच्या गुहेत मी हातवारे करून सांगत होतो.

ट्रेकचा लीडर मी पहिल्यांदाच झालो होतो, आणि पुढच्या वेळीही मलाच करतील अशी फार आशा होती. म्हणून कुणी रुसायला नको, सकाळीच खाती वाटून टाकली. डबे मुग्धाकडे, पाणी आरिफकडे, वाट हर्षदाकडे. माझ्याकडे नुसता इतिहास.

तो संपेपर्यंत मुग्धाने थालीपीठं वाटलीसुद्धा. मी म्हटलं, “अगं, वर जकातीच्या दगडी रांजणापाशी बसून खायचं ठरलंय ना?” तर म्हणे, “डब्यांचं मी बघते.” तेवढ्यात हर्षदा उठली आणि निम्मी टोळी घेऊन चालायलाच लागली. मी हाका मारतोय, पण वळून बघेल तर शप्पथ.

आरिफने बाटली पुढे केली. “पी बाबा. सातवाहन निदान काही शतकं टिकले, तू जेवणाआधीच बुडालास.”

पुढच्या ट्रेकला सगळ्यांनी हर्षदाला लीडर केलं. तिने डबे, पाणी, वाट, सगळं स्वतःकडेच ठेवलं. माझं व्याख्यान नीट ऐकणारी ती एकटीच होती.