पोर माझी, मार्क तिचे

"तुमची परवानगी असेल तरच मला तुमचे मार्क तुमच्या आईंना सांगता येतील," कॉलेजच्या ऑफिसातल्या काउंटरमागच्या कान्तूबाई म्हणाल्या. "काय करू? सांगू?"

इत्सेलने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. बाई तिच्याशीच बोलत होत्या.

"तिला अहो-जाहो काय करताय?" तिची आई नोएमी म्हणाली. "सोळा वर्षांची पोर आहे. दाताचा डॉक्टरसुद्धा माझ्या सहीशिवाय तिला खुर्चीवर बसवत नाही."

"बरोबर आहे तुमचं. पण शाळेत ती तुमची मुलगी, आणि इथे त्या कॉलेजच्या विद्यार्थिनी. उन्हाळ्यापुरत्या का होईना. मार्क त्यांचे."

"म्हणजे पोर माझी आणि मार्क तिचे?"

"नियमच तसा आहे, बाई."

नोएमी शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कामावरून तडक इथे आली होती. केसांवरची जाळी काढायचीही राहिली होती. आठवडाभर इत्सेल पानात नुसतं चिवडत होती, काही विचारलं की "ठीक चाललंय" एवढंच म्हणत होती. शाळेची मुलं उन्हाळ्यात कॉलेजचे विषय करतात, ते शाळेतही धरले जातात आणि पुढे कॉलेजातही, हे नोएमीने सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं होतं. आता एवढंच कळायला हवं होतं, की पोरीला ते झेपतंय की नाही.

"आणि मार्क सांगायचे तर पुढचंही सांगावं लागेल," कान्तूबाई बोलून गेल्या.

"पुढचं काय?"

बाईंनी इत्सेलकडे पाहिलं. इत्सेलने काउंटरच्या कडेकडे.

सोमवारी शाळेतल्या सालिनाससरांनी तिला बोलावून घेतलं होतं. गेल्या उन्हाळ्यातले विषय आणि या उन्हाळ्यातले हे दोन धरले, तर तिची शाळा एक वर्ष आधीच संपत होती. पुढच्या ऑगस्टमध्ये घरापासून लांब, थेट ऑस्टिनच्या विद्यापीठात. सरांनी तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि विचारलं, "कळवू ना कॉलेजला आणि विद्यापीठाला?" ती "हो" म्हणाली. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हो म्हणालो ते सरांचा चेहरा पाहून.

"सांगू?" कान्तूबाईंनी पुन्हा विचारलं.

"नको," इत्सेल म्हणाली.

नोएमीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. कुठेतरी भेटलेल्या माणसाचं नाव आठवू नये, तसं.

गाडी उन्हात तापली होती. मग सिग्नलला थांबल्यावर नोएमी म्हणाली, "नापास झालीस ना?"

इत्सेलने खिडकीची काच खाली केली.

"झालीस तर झालीस. तुझ्या वयाची असताना मी शाळाच सोडली होती. रेबेकामावशी बोलेल, तिला मी बघते. कॉलेजवाले काढून टाकत असतील तर टाकू देत. आपली शाळा कुठे पळून चाललीय? दोन वर्षं आहेत अजून. आरामात कर. घाई कोणाला आहे?"

आईचे खांदे सैल झालेले इत्सेलला दिसले. आवाजही हलका झाला होता, जवळजवळ खुशीतला. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. आज तरी सगळं निभावलं असतं.

"मी नापास नाहीये, अमा."

"मग?"

"दोन्ही विषयांत पहिली आहे."

सिग्नल सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे नोएमीने गाडी पुढे काढली.

"मग त्या बाईला नको कशाला म्हणालीस? मी तिथे वेड्यासारखी उभी."

"दोन वर्षं नाहीत, अमा. एकच आहे."

"एक काय?"

"शाळा. पुढच्या मे महिन्यात संपते. मग ऑस्टिन."

नोएमीने आरशात पाहिलं. मागे रस्ता रिकामाच होता, तरी ती बराच वेळ पाहत राहिली.

"तुला जायचंय?"

"माहीत नाही."

"मला विचारतेयस, का सांगतेयस?"

इत्सेलने खरंच विचार केला. "तेही माहीत नाही," ती म्हणाली.

घराचं वळण आलं आणि मागे पडलं. नोएमीने गाडी वळवली नाही. टायरवाल्याचं दुकान गेलं, चर्च गेलं, मग दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. काचा उघड्या होत्या आणि आत येणारा वारा चुलीपुढच्यासारखा होता. आपण कुठे चाललोय, हा प्रश्न इत्सेलच्या ओठांवर आला, पण आईलाही ते ठाऊक नसावं असं तिला वाटलं.

"ऑस्टिनला थंडी पडते," शेवटी नोएमी रस्त्यावरची नजर न हलवता, रागे भरल्यासारखी म्हणाली. "तुझ्याकडे धड एक कोट नाही."